पोट भरलेली उपाशी मेंढी

फलटणहून दहिवडीकडे जाताना घाट चढून वर आले की माणदेश लागतो. चैत्र-वैशाखात या माळावर एकदा नजर टाका. वाळलेल्या कुसळीची बुडखे, मधूनच एखादी बाभूळ, बोरीची खुरटी झुडपे आणि बाकी सारा तापलेला मुरूम. भर दुपारी एखादा मेंढ्यांचा कळप उघड्या रानात दाटीवाटीने उभा असलेला दिसेल. प्रत्येक मेंढीने आपले डोके शेजारणीच्या पोटाखाली घातलेले असते. झाडाची सावली नाही, तर एकमेकींच्या अंगाची सावली!

या मेंढ्यांकडे जरा जवळून पाहिले, तर एक गोष्ट कोड्यात टाकते. त्यांची पोटे चांगली टम्म फुगलेली असतात. सकाळपासून त्यांनी वाळले गवत, कडब्याचे धाटे, जे मिळेल ते चघळलेले असते. आणि तरीही पाठीवरून हात फिरवला, तर लोकरीखाली हाडे लागतात. पोट भरलेले आणि अंग वाळलेले, असे कसे? एखाद्या जुन्या मेंढपाळाला विचारा. तो म्हणेल, "पोटात चारा हाय, पर चाऱ्यात कस न्हाई."

हा 'कस' म्हणजे नेमके काय? माझ्या मते हा एकच शब्द नीट समजला, तर उन्हाळ्यात मेंढ्या कशा जगवाव्यात, हा अर्धा प्रश्न सुटतो. आणि तो समजून घ्यायचा, तर आपल्याला मेंढीच्या पोटात शिरावे लागेल.

गवत, कडबा, पाला यांचा बराचसा भाग सेल्यूलोज या पदार्थाचा असतो. विद्यार्थी मित्रांनो, आश्चर्याची गोष्ट अशी, की सेल्यूलोज पचवणारे विकर मेंढीचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. त्या बाबतीत ती तुमच्या-आमच्याइतकीच असमर्थ आहे. मग ती गवतावर जगते कशी? तिने हे काम दुसऱ्यांकडे सोपवलेले आहे. मेंढीच्या जठराचे चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचे खरे पोट. यातले पहिले कोठीपोट सर्वांत मोठे. मोठ्या मेंढीत त्यात सहज आठ-दहा लिटर द्रव मावतो. इथे पाचक रस स्रवत नाहीत. इथे असते ती वस्ती. कोठीपोटातील द्रवाच्या एका थेंबात अब्जावधी जीवाणू असतात, आणि त्यांच्या जोडीला आदिजीव व सूक्ष्म बुरश्याही. ऊब आहे, ओलावा आहे, हवेतला ऑक्सिजन जवळजवळ नाही आणि अन्न आपोआप येत राहते. या जीवांना आणखी काय हवे?

मेंढी बसून रवंथ करीत असताना तिच्याजवळ शांतपणे बसून पाहा. गळ्यातून एक गोळा वर येताना स्पष्ट दिसतो. मग ती तो चघळते. किती वेळा, ते मोजा. साधारण पन्नास-साठ वेळा चावून झाल्यावर तो खाली जातो, क्षणभर थांबून दुसरा वर येतो. दिवसाचे जवळजवळ आठ तास ती याच कामात घालवते. आता मालकाची परवानगी घेऊन तिच्या डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीच्या मागे, मूठ हलकेच दाबून धरा. मिनिटातून एक-दोनदा आतून एक लाट येऊन मुठीला ढकलील. कोठीपोट आपला माल ढवळत असल्याची ती खूण. ही लाट येईनाशी झाली, तर मेंढी आजारी आहे असे समजावे. पशुवैद्यही हेच पाहतात.

आतले जीव चाऱ्याचे किण्वन करतात आणि त्यातून अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्ले बाहेर टाकतात. ही आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून शोषली जातात, आणि मेंढीला लागणारी बहुतेक ऊर्जा त्यांतूनच मिळते. पण एवढ्यावर भागत नाही. मांस, लोकर, दूध, पोटातले कोकरू, या सगळ्यांना प्रथिने हवीत. ती कुठून येतात? कोठीपोटातले जीव सारखे वाढत असतात, आणि त्यांचे थवेच्या थवे चाऱ्याबरोबर पुढे खऱ्या पोटात वाहून जातात. तिथे ते स्वतःच पचवले जातात! गवत खाणारी मेंढी अशा रीतीने मोठ्या प्रमाणावर जीवाणूंवर पोसली जाते. तिला शाकाहारी म्हणावे की नाही, हा वाद वर्गात घालायला हरकत नाही.

हे जीव प्रथिने बनवतात तरी कशापासून? १९४९ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लूसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्या व शेळ्यांना असा आहार दिला, की ज्यात प्रथिने मुळीच नव्हती. नत्र होते ते केवळ युरियाच्या रूपात. तरी त्यांच्या कोठीपोटातील पदार्थात अत्यावश्यक अशी दहाही अ‍ॅमिनो आम्ले सापडली. पुढे फिनलंडचे नोबेल पारितोषिक विजेते रसायनशास्त्रज्ञ व्हिर्टानेन यांनी गाईंना प्रथिनविरहित खाद्य आणि युरिया व अमोनियाचे क्षार दिले. १९६६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार अशा खाद्यावर एका गाईने वर्षात चार हजार किलोहून अधिक दूध दिले. थोडक्यात, या जीवांना अमोनिया मिळाला आणि जोडीला ऊर्जा मिळाली, की प्रथिने ते घडवतात. त्यांना हवे असते ते नत्र.

आता 'कस' या शब्दाकडे परत येऊ. चाऱ्यातील नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणले, की कच्च्या प्रथिनांचा अंदाज मिळतो. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात ही प्रथिने भरपूर असतात. गवत फुलोऱ्यावर येऊन वाळले, की ती बियांत उतरतात आणि बी गळून जाते. ज्वारीच्या कडब्यात शेकडा तीन-चार भाग प्रथिने उरतात. गव्हाच्या काडात त्याहूनही कमीच. कोठीपोटातल्या वस्तीला नीट काम करायला चाऱ्यात शेकडा सात भाग तरी प्रथिने लागतात. त्याखाली गेले, की नत्राअभावी जीवांची वाढ खुंटते. ते थोडे झाले, की कडबा फुटायला वेळ लागतो. फुटला नाही, तर तो पुढेही सरकत नाही. कोठी भरलेलीच राहते, आणि भरलेल्या कोठीत नवा घास मावत नाही म्हणून मेंढी खाणे कमी करते. त्या टम्म पोटाचे कोडे हे असे आहे. ते सुबत्तेचे लक्षण नसून आतला कारखाना तुंबल्याचे लक्षण आहे. मेंढीच्या आधी तिचे जीवाणू उपाशी पडलेले असतात.

निसर्गाने याची थोडी तरतूद करून ठेवली आहे. आपल्या शरीरात तयार होणारा युरिया आपण मूत्रावाटे टाकून देतो. मेंढी मात्र, चाऱ्यात नत्र कमी असले, की मूत्रपिंडातून युरिया कमी सोडते आणि लाळेतून व कोठीपोटाच्या भिंतीतून तो पुन्हा जीवाणूंकडे पाठवते. १९५७ साली बोडिल आणि क्नुट श्मिट-नील्सन यांनी सहारात उंटांवर प्रयोग करून ही काटकसर दाखवून दिली होती. मेंढी उंटाची धाकटी बहीण शोभावी अशीच वागते. पण ही जुन्या शिलकीवरची गुजराण आहे. दोन-तीन महिन्यांचा उन्हाळा तीवर निघत नाही, आणि मग मेंढी स्वतःच्या पाठीवरचे मांस मोडून खाऊ लागते.

आठ-दहा मेंढ्या बाळगणाऱ्या घराला वैशाखात एक निर्णय घ्यावा लागतो. हातात थोडेसे पैसे आहेत. त्याचा आणखी कडबा घ्यावा, की पेंडीचे एखादे पोते घ्यावे? पुष्कळ जण कडबा घेतात, कारण तो डोळ्यांना जास्त दिसतो. आपण गणित मांडून पाहू. तीस किलो वजनाच्या मेंढीला दिवसाला साधारण नऊशे ग्रॅम कोरडा चारा लागतो. नुसता कडबा दिला, तर शेकडा साडेतीनप्रमाणे तिला साडेएकतीस ग्रॅम प्रथिने मिळाली. आता आठशे ग्रॅम कडबा आणि शंभर ग्रॅम भुईमुगाची पेंड देऊ. कडब्यातून अठ्ठावीस ग्रॅम आणि पेंडीतून, ती शेकडा पंचेचाळीस धरली तर, पंचेचाळीस ग्रॅम. एकूण त्र्याहत्तर, म्हणजे शेकडा आठांहून थोडे जास्त. मूठभर पेंडीने सातांची रेषा ओलांडली! शिवाय जीवाणू जोमाने कामाला लागल्यामुळे त्याच कडब्यातून जास्त ऊर्जा निघते, हा वरचा नफा. दहा मेंढ्यांना दीड महिना पुरवायला पंचेचाळीस किलो पेंड लागेल. सरकी पेंडीत प्रथिने याच्या जवळपास निम्मी, म्हणून ती दुप्पट द्यावी लागेल. मात्र पेंड कोणतीही असो, बुरशी आलेली स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. तीत अफ्लाटॉक्सिन हे यकृताचे विष असते.

पेंडीलाही पैसे नसतील, तर? तर झाडांकडे पाहावे. चैत्रानंतर बाभळीच्या शेंगा पिकतात. मेंढपाळ लांब काठीला आकडी बांधून फांद्या हलवतो, आणि सडा पडताच मेंढ्या धाव घेतात. या शेंगांत कडब्याच्या तिप्पट-चौपट प्रथिने असतात. बाभूळ, शेवरी, हादगा, सुबाभूळ, तसेच तूर, हरभरा, भुईमूग ही सारी शिंबावंत कुळातली. यांच्या मुळांवरच्या गाठींत ऱ्हायझोबियम जीवाणू हवेतले नत्र बांधतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. म्हणजे जमिनीखालच्या जीवाणूंनी मिळवलेले नत्र पाल्यावाटे पोटातल्या जीवाणूंना पोचते. म्हणून हिवाळ्यात निघालेला भुईमुगाचा वाळला वेल, तुरीचा पाला, हरभऱ्याचा भुसा जाळू नये, विकूही नये. उन्हाळ्यासाठी झाकून ठेवावा.

सुबाभळीची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने १९७० नंतरच्या दशकात तिचा महाराष्ट्रात मोठा प्रसार केला. पाला पौष्टिक, पण त्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. नुसत्या याच पाल्यावर ठेवलेल्या मेंढ्यांची लोकर गळू लागते. मिमोसिनपासून पोटात जो दुसरा पदार्थ बनतो, तो गलग्रंथीचे काम बिघडवतो. ऑस्ट्रेलियातील गुरांना हा त्रास होई, हवाईमधील जनावरांना होत नसे. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने तर्क केला, की फरक जनावरांत नसून त्यांच्या कोठीपोटातल्या वस्तीत असावा. इंडोनेशियातील एका बोकडाच्या कोठीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियातील शेळ्यांच्या पोटात सोडल्यावर त्यांनाही ते विष पचू लागले. हा प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला. १९९२ मध्ये त्या जीवाणूला नाव दिले गेले, त्यात जोन्स यांचे नाव गुंफले आहे : सिनर्जिस्टिस जोन्सिआय. आपण मात्र सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घालू नये, हे बरे.

कडब्यातच नत्र घालता येईल का? येते. शंभर किलो कडबाकुट्टीवर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतात, आणि तो ढीग प्लॅस्टिकच्या कागदाखाली तीन आठवडे हवाबंद ठेवतात. युरियापासून निघालेला अमोनिया धाट्याचे कठीण बंध सैल करतो आणि थोडा त्यातच मुरतो. उघडल्यावर पसरून वास जाऊ द्यायचा, मगच थोडा थोडा चारायचा. लहान कोकरांना हा चारा नको. आणि हे काम आधी एकदा पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करावे, कारण सुटा युरिया मेंढीच्या पोटात गेला, तर अमोनिया इतक्या झपाट्याने रक्तात शिरतो, की यकृताला तो आवरत नाही व तासा-दोन तासांत मेंढी मरते.

नत्राचा हा प्रभाव शाळेत पाहता येईल. दोन काचेच्या बरण्यांत बारीक चिरलेला कडबा सारखा घ्या. दोन्हींत बागेतल्या मातीचे गढूळ पाणी घालून तो ओला करा. एकीत चिमूटभर युरिया मिसळा. तोंडाला फडके बांधा, कडबा ओला राहील इतके पाणी अधूनमधून शिंपडा आणि तीन-चार आठवडे पाहत राहा. कोणत्या बरणीतला कडबा आधी काळवंडतो आणि मऊ पडतो?

आपल्याकडच्या धनगरांनी या प्रश्नाला फार पूर्वीच एक उत्तर शोधले आहे : चालणे. दिवाळीच्या सुमारास पुणे, सातारा, अहिल्यानगर या भागांतले अनेक वाडे घाट उतरून कोकणात जातात. तिथे भात निघालेले असते, खाचरांत ओल असते, हिरवे मिळते. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो आणि त्या लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. पावसाळा तोंडावर आला, की वाडे पुन्हा देशावर परततात, कारण कोकणचा पाऊस आणि चिखल दख्खनी मेंढीच्या खुरांना सोसत नाही. 'कस' जिथे जातो, त्याच्या मागे कळप जातो. पण दारात आठ मेंढ्या असलेले, मुले शाळेत जाणारे कुटुंब असे निघू शकत नाही. त्याला कस घरीच आणावा लागतो.

तो थोडाच असेल, तर आधी कोणाला द्यावा? गाभण मेंढीला. मेंढीचा गर्भकाळ सुमारे दीडशे दिवसांचा. कोकराच्या जन्मवजनाचा जवळजवळ सत्तर टक्के भाग शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतो. पावसाळ्याच्या तोंडावर विणारी मेंढी हे सहा आठवडे नेमके वैशाख-ज्येष्ठात काढते. तिला कमी पडले, तर कोकरू अशक्त जन्मते आणि आईला दूध सुटत नाही. पोटात जुळी असतील, तर स्वतःची चरबी घाईने जाळता जाळता तिच्या रक्तात विषारी द्रव्ये साठतात, ती आंधळ्यासारखी चालते व आडवी होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली. अशा मेंढ्या पाळणाऱ्याने तर ही मूठभर पेंड विसरताच कामा नये. जनुकाने दुसरे कोकरू मिळते, त्याचे दूध चाऱ्यातूनच यावे लागते.

कोण किती वाळली आहे, हे डोळ्यांना कळत नाही, लोकर फसवते. शेवटच्या बरगडीमागे कण्यावर बोटे ठेवून दाबा. मणक्यांची टोके सुरीसारखी टोचली, तर मेंढी वाईट स्थितीत आहे. गोलसर लागली, तर ठीक. मेंढपाळ बाजारात मेंढी घेताना नेमका इथेच हात घालतो, आणि जगभरचे पशुतज्ज्ञही इथेच बोटे ठेवून शून्य ते पाच गुण देतात.

उन्हाळ्यात मेंढीला दिवसाला चार-पाच लिटर पाणी हवे. कोरड्या कडब्यावर असेल, तर जरा जास्तच, कारण कोठीपोटातली वस्ती पाण्यातच जगते. मिठाचा खडा गोठ्यात टांगून ठेवावा. चरायला सकाळी लवकर व उन्हे उतरल्यावर सोडावे. याहून जास्त सांगायला नको, हे मेंढपाळाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

जंतांविषयी मात्र सांगायला हवे. मेंढीच्या खऱ्या पोटात हिमाँकस नावाचा एक जंत राहतो, लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखा दिसणारा. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. क्षुल्लक वाटते? हजार जंत असले, की रोज पन्नास मिलिलिटर झाले, आणि तीस किलोच्या मेंढीत सगळे रक्त असते सुमारे दोन लिटर. गेलेले रक्त भरून काढायला पुन्हा प्रथिनेच लागतात. म्हणून भुकेली मेंढी जंतांपुढे आधी हरते. तिची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. लालबुंद असेल तर उत्तम, पांढुरकी असेल तर रक्त कमी आहे. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचे एक पत्रकच तयार केले गेले, त्याला फमाचा म्हणतात. जिची पापणी फिकी, तिलाच औषध द्यायचे. सगळ्या कळपाला वारंवार तेच औषध पाजले, तर औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली, तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा.

कडक उन्हात माळावरच्या जंतांच्या अळ्या करपून मरतात, हा उन्हाळ्याचा एक उपकार. पण आटत चाललेल्या तळ्याच्या काठी त्या तगतात, आणि तिथल्याच गोगलगाईंतून यकृतातील पर्णकृमींची अळी बाहेर पडून गवताला चिकटते. एप्रिलमध्ये सगळ्या शिवारात हिरवे असते ते तेवढेच! मेंढी तिकडे ओढली जाणारच. शक्यतो पाणी हौदातून पाजावे, आणि काठचे गवत कापून चांगले वाळवून मग घालावे. एकाच पाणवठ्यावर अनेक कळप येतात, तिथे पीपीआर हा विषाणुजन्य रोगही पसरतो. भारतात तो १९८७ साली तामिळनाडूत प्रथम आढळला. त्यावर चांगली लस आहे, आणि २०३० पर्यंत तो जगातून घालवण्याचे उद्दिष्ट ठरलेले आहे.

शेवटी एक धोका, जो दुष्काळात नव्हे, तर दुष्काळ संपताना येतो. कोठीपोटातली वस्ती ज्या चाऱ्यावर जमलेली असते, तो एकाएकी बदललेला तिला चालत नाही. उपाशी मेंढी खळ्यातल्या धान्याच्या राशीत शिरली, तर पिष्ट आंबवणारे जीवाणू क्षणात माजतात, लॅक्टिक आम्ल साचते आणि मेंढी दगावते. म्हणूनच पेंडही पहिल्या दिवशी शंभर ग्रॅम न देता वीस-पंचवीसपासून आठवड्याभरात वाढवत न्यावी. पहिला पाऊस पडून रान हिरवेगार झाले, की महिनोन् महिने कडबा खाल्लेल्या मेंढ्या त्यावर तुटून पडतात. आतड्यात एरवी गुपचूप राहणारा एक जीवाणू मग अफाट वाढतो व विष सोडतो. हा आंत्रविषार. संध्याकाळी धडधाकट असलेले, कळपातले सर्वांत गुबगुबीत कोकरू सकाळी मेलेले सापडते. त्याच सुमारास पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यात हायड्रोसायनिक आम्ल असते, त्याने किरळ लागते. रानात सोडण्याआधी सकाळी थोडा कडबा घालावा, आणि पहिले आठ दिवस हिरव्यावर तास-दोन तासच चरू द्यावे. आंत्रविषाराची लस मे महिन्यातच टोचून घ्यावी लागते, कारण ती अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात, आणि मृगाचा पाऊस काही तेवढा थांबत नाही.